कपाटामागचे शेषराव

(जयपूरच्या रेल्वे कॉलनीतलं, मुलगा राजरत्न याला नोकरीत मिळालेलं क्वार्टर, ऑगस्टातली दुपार. मीराबाई बाहेरच्या खोलीत, बांधून ठेवलेल्या बॅगेवर बसल्या आहेत. त्यांचे यजमान शेषराव, मालगाडीचे निवृत्त गार्ड, आतल्या खोलीत आहेत; पण दिसत नाहीत. आवाज तेवढा येतो, लोखंडी कपाटाच्या मागून.)

शेषराव : ...अवो, केस म्हणतो मी, केस! भिंतीले केस उगवले. काळेभोर. माह्या डोक्यावर नाहीत तेवढे इथं हाय.

मीराबाई : हो का? मंग भांग पाडा तिचा. मी इथूनच आयकते.

शेषराव : राजरत्नाची माय, खोटं नाही सांगत.

मीराबाई : परवा म्हणले, समोरच्या कबुतराले गाड्यांचं टाइमटेबल पाठ हाय. तेही खोटं नव्हतंच.

शेषराव : ते कबुतर येगळं. ते फलाटावर जन्मलं. पण हे डोळ्यासमोर हाय. तू आत ये अन् पाह्य.

मीराबाई : येत नाही. संध्याकाळच्या गाडीनं मी अकोल्याले चालली, बहिणीकडे, कलावतीकडे. उन्हाळ्यापासून खोकून खोकून माह्या बरगड्या ढिल्या झाल्या. डाक्टर म्हणते धूळ. इथली वाळू माह्या छातीले मानवत नाही, संपलं. अन् तुमी रोज एक नवीन काढता मले अडवाले. काल म्हणले, अकोल्यात वाघ शिरला.

शेषराव : शिरला होता. लहान होता म्हणून पेपरात आला नाही.

मीराबाई : थर्मासचं झाकण सापडलं का? त्याच्यासाठी गेले होते न मागं?

शेषराव : सापडलं. हातात हाय. पण हात वर येत नाही.

मीराबाई : म्हणजे?

शेषराव : म्हणजे मी फसलो. वाकलो, झाकण उचललं, अन् पाठीनं दगा देल्ला. आता कपाट पुढं जात नाही अन् भिंत मागं जात नाही.

मीराबाई : वा! भिंतीले केस अन् कपाटामागं नवरा. गाडी चुकवाची अशीन तर दुसरं काही शोधा.

शेषराव : अवो, मुद्दाम फसाचं असतं तर सैंपाकघरात फसलो असतो. तिथं शेंगदाण्याचा डबा हाय. इथं काय हाय? अंधार, अन् हे केस.

मोनाली : (सून, बाहेरून येत) आई, ऑटोवाल्या भैयाला सांगून आले, येतील ते वेळेवर. तुमच्यासाठी पराठे पण बांधून घेतले. बाबा कुठायत?

मीराबाई : कपाटामागं. फसले म्हणते.

मोनाली : मतलब, सच्ची?

मीराबाई : यांचं सच्ची कधी असते?

शेषराव : पोरी! आली का तू! तुह्या सासूले सांग, माणूस अर्धा मेल्यावर तरी त्याचा भरोसा कराव.

मोनाली : अरे बापरे, बाबा! खरंच अडकलेत, आई. फक्त टक्कल दिसतंय. तुम्ही या ना, ही बाजू धरा. माझ्या एकटीच्यानं नाही सरकणार.

मीराबाई : थांब, थांब! कपाटाले धक्का मारू नको. माह्या बापानं देल्लेलं कपाट हाय. बडनेऱ्याच्या क्वार्टरात शेजारणीच्या कपाटाचा चोरांनी मागून पत्रा कापला, तवापासून आपलं कपाट भिंतीले चिकटूनच उभं हाय. बडनेरा, भुसावळ, जयपूर. कुठंच म्या बोट जाईन एवढी जागा सोडली नाही.

शेषराव : म्हणूनच न! बोट जात नाही तिथं तुहा नवरा गेला. आता काढ.

मोनाली : आई, एक, दोन, तीन... जोर लावा!

मीराबाई : हं... हं... अवो, तुमी बी ढकला न आतून!

शेषराव : मी कायनं ढकलू? पोटानं? पोट तर आधीच ड्युटीवर हाय... हां! हां! सुटलो! इंजिन बाहेर पडलं बोगद्यातून!

मीराबाई : अगं माय! हे काय वो पाठीवर? सदरा काळा झाला सारा.

शेषराव : सदरा सोड. भिंत पाह्य, भिंत.

मीराबाई : सरका, पाहू द्या.

शेषराव : बोल न आता. हाय का केस?

मीराबाई : हाय की वो.

शेषराव : मले बी आधी भरोसा बसला नाही. म्हटलं, शेषराव, हे तर तुह्या गोष्टीतलं वाटून राहिलं.

मोनाली : कोणी हात नाही लावायचा! बाबा, सदरा झटकू नका, उडतं ते हवेत. तिथंच काढा अन् बादलीत टाका. आई, तुम्ही दरवाज्याच्या बाहेर व्हा, पदर घ्या नाकावर. हे केसबीस काही नाही, फफूंद आहे. बुरशी. बाप रे, जमिनीपासून खिडकीपर्यंत चढलीय.

मीराबाई : थांबा. एक मिनिट. ही भिंत तुमी काळी केली न?

शेषराव : मी?

मीराबाई : बुटाचं पालिश कुठी हाय? दाखवा. सकाळी डबी घेऊन बसले होते तुमी. माह्यी गाडी चुकावी म्हणून भिंतीले पालिश फासलं, अन् मंग मागं जाऊन फसले. मी काय आज ओळखते तुमाले?

शेषराव : आयकून राहिली, मोनाली? जन्मभर थापा मारल्या, एक नाही पकडली हिनं. आज खरं बोललो, तर मुद्देमालासकट पकडला.

मोनाली : आई, पॉलिशला वास असा येत नाही. तिथूनच बघा, सदऱ्याचा येतोय ना तिथपर्यंत?

मीराबाई : ...हो. हा वास... हा तर माह्या उशीले येते.

मोनाली : उशीला?

मीराबाई : गोधडीले बी. मले वाटे, म्हातारपणाचा असतो असा वास. म्हणून मी काही बोलली नाही.

मोनाली : आई! अहो, मी दर रविवारी लोकांच्या घरी जाऊन हाच वास शोधते. विद्याधर नगर, मालवीय नगर, सगळीकडे घरातली ओल-बुरशी शोधायला आमचा ग्रुप जातो. पहिलं वाक्य हेच असतं माझं, 'आंटीजी, जरा अलमारी सरकवा, मागे बघू.' आणि आपल्याच घरी... शी, मला तर तोंड लपवावंसं वाटतंय.

मीराबाई : मंग मले कावून नाही सांगितलं?

मोनाली : सांगितलं होतं. होळीच्या सफाईला. तुम्ही म्हणालात, माझ्या कपाटाला हात लावायला सुनेला अजून वेळ आहे.

मीराबाई : मी असं म्हणाली?

शेषराव : म्हणाली. त्याच्यापुढं अजून दोन वाक्य होते. पोरगी सभ्य हाय, गाळून राहिली.

मीराबाई : तुमी सदरा काढा आधी.

शेषराव : काढतो. मंग एक ब्रश आण, चुना कालवतो, अन् अर्ध्या तासात भिंत बगळ्यासारखी पांढरी करतो. भानगड मिटली.

मोनाली : नाही मिटत, बाबा. विद्याधर नगरात ते बँकवाले राजनजी आहेत ना, त्यांनी दर दिवाळीला वरून रंग मारला. बुरशी रंगाखालून परत वर. मी गेले तर म्हणाले, 'मॅडम, आम्ही डिझाइन समजत होतो, पाहुणे पण तारीफ करतात.' ओल आहे तोपर्यंत ती येणारच. तिला बस ओल पाहिजे. आता ओल कुठून येतेय ते बघू. मागे नळ आहे?

शेषराव : नाही. मागं तर रस्ता हाय.

मोनाली : वरून गळतं?

शेषराव : या जयपुरात वरून गळाले पाणी तर पाहिजे.

मोनाली : मग... बाबा, खिडकीवर हे प्लॅस्टिक कोणी ठोकलं?

शेषराव : म्या. मे महिन्यात ती आंधी आली होती न. तुह्या सासूच्या भाकरीत वाळू करकर करे. एवढी वाळू आली घरात, का म्या झाडून काढली तर तिच्यात जैसलमेरचा एक माणूस निघाला. पत्ता विचारून राहिला होता.

मीराबाई : माणूस नव्हता. पण वाळू होती, ते खरं हाय. मीच म्हणली, खिडकी बंद करा, माह्या छातीत धूळ जाते.

मोनाली : आणि कूलर? कूलर तर खिडकीत होता.

शेषराव : खिडकी बंद केल्यावर तो कसा राहीन तिथं? आत घेतला. पलंगाच्या पायथ्याशी. अन् तो बी काय गार वारा देते! दार लावून घेतलं का काश्मीर.

मोनाली : दार पण लावून! बाबा, कूलर बाहेरची सुकी हवा ओढतो, खसच्या गवतातून भिजवतो आणि आत सोडतो. ती दुसऱ्या खिडकीनं बाहेर गेली पाहिजे. तुम्ही सगळं बंद केलं. मतलब, तीच ओली हवा तो परत ओढतो, परत ओली करतो. मेमध्ये तरी चाललं असेल, पण आता पावसाळ्यात बाहेरची हवा पण ओली. आणि हे वर दोरीवर काय आहे? कपडे पण इथंच वाळत घालता?

मीराबाई : गच्चीवर माकडं हाय. माह्यं इरकली पातळ नेलं एकानं.

शेषराव : नेलं, अन् नेसलं! मी स्वतः पाह्यलं. पदर खोचून थेट विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात गेलं, गेटवर अंगठा देल्ला, अन् पंख्याच्या कारखान्यात लागलं. आता सुपरवायझर हाय म्हणते.

मोनाली : बाबा, हसवू नका ना, मी सीरियस आहे!

मीराबाई : म्हणजे बाई, आपण मटकीले मोड आणतो तसं झालं हे. ओलं फडकं, घट्ट गाठ, अन् उबेत ठेवली.

मोनाली : हां, आई! बिलकुल तसंच! मी एवढं लेक्चर देते, पण हे मटकीचं मला नाही सुचलं. पुढच्या रविवारी हेच सांगणार.

मीराबाई : अन् गाठोड्यात मटकी कोण? मी.

शेषराव : मोड बी आले तुले. कडक हायेत.

मोनाली : आई, एक सांगा. खोकला जास्त कुठं येतो?

मीराबाई : इथं, पलंगावर पडली का. व्हरांड्यात बसली का कमी. आताही पाह्य न, भिंत पाहून आली तवापासून घसा खवखवून राहिला.

मोनाली : मग डॉक्टरला हे सांगितलं होतं?

मीराबाई : डाक्टरनं विचारलं, धूळ हाय का? म्हटलं, हाय. जयपुरात कोण नाही म्हणीन? अलमारीमागं काय हाय, हे त्यानं विचारलं नाही अन् मले माहीत नव्हतं.

मोनाली : मी डॉक्टर नाही, आई. याच्यानंच खोकला आहे, असं नाही म्हणत मी. त्यांच्याकडे जाऊन हे सगळं सांगायला पाहिजे. पण ही हवा चांगली नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. तुम्ही आज गेलात तरी ही भिंत अशी नाही सोडायची. बाबा, प्लॅस्टिक फाडा!

शेषराव : फाडलं! ...आहा. वारा आला, वारा. गार्डाच्या डब्यात यायचा तसा वारा.

मोनाली : समोरची पण उघडा. दोन्हीकडून उघडं पाहिजे, तरच हवा वाहते. कपडे सगळे बाहेर. माकड आलं तर तुम्ही गच्चीत काठी घेऊन बसा.

शेषराव : सुपरवायझर आलं तर उठून सलाम करीन.

मोनाली : आता तोंडाला ओढणी बांधा. हातात पिशव्या घाला प्लॅस्टिकच्या. सोडा आणि साबण गरम पाण्यात. फडकं ओलं करून पुसायचं, वरून खाली. सुकं घासायचं नाही, नाहीतर उडून सगळ्या घरात जाईल. आणि पुसलेलं फडकं धुवायचं नाही, पिशवीत बांधून बाहेर.

मीराबाई : फडकं मी देते. जुनं धोतर हाय यांचं.

मोनाली : तुम्ही आत नाही यायचं. दरवाज्यातून बघा बस.

मीराबाई : बघतेच. अवो, तो कोपरा राह्यला! तुमचं लक्ष कुठी हाय?

शेषराव : मी विचार करून राहिलो. ही बुरशी काहीच नाही. मी नोकरीत होतो तवा, पावसाळ्यात, भुसावळच्या पुढं एका लहानशा स्टेशनात मास्तरनं आपला कोट खुंटीवर टांगला अन् गेला रजेवर. महिनाभर पाऊस. कोटाले अशी बुरशी आली, अशी बुरशी आली, का कोट भरला. हात भरले, खांदे भरले. एक दिवस कोट उतरला खुंटीवरून, टोपी घातली, अन् गेला फलाटावर. हिरवी झेंडी दाखवली. माह्यी मालगाडी पास केली त्यानं, अगदी कायद्यानं.

मोनाली : आणि मास्तर परत आल्यावर?

शेषराव : त्याले म्हणले, तुमची जागा भरली.

मीराबाई : हसू नको, मोनाली, अजून मोठी करतीन ते. अन् तुमी कोटाचं सोडा, खाली पुसा, खाली. तिथं दाट हाय.

मोनाली : आई, तुम्ही आमच्या ग्रुपमध्ये या. खरंच. लोक माझं ऐकत नाहीत, मला आंटी लोक म्हणतात, बेटा, चहा घे. तुम्ही अशा दारात उभ्या राहिलात तर अख्खी कॉलनी अलमारी सरकवेल.

मीराबाई : मी कुठी येते आता? मी तर चालली.

मोनाली : ...हां. ते तर आहे.

शेषराव : भिंतीचा रंग दिसाले लागला. हिरवी होती का आपली भिंत? मी इसरलोच होतो.

मोनाली : आता पुसून कोरडी करायची आणि पंखा लावून ठेवायचा, कूलर नाही. कपाट परत चिकटवायचं नाही, वीतभर लांब. आई, चालेल ना?

मीराबाई : चोर आला तर?

शेषराव : चोर आला तर मागं फसीन. मी सांगतो, तिथून कोणीच निघत नाही.

मोनाली : आई... बाहेर हॉर्न वाजला. भैया आले वाटतं.

मीराबाई : आला?

मोनाली : हो. बॅग ठेवू का ऑटोत?

शेषराव : थर्मास भरून ठेवला हाय. झाकण लावलं, धुऊन.

मोनाली : बाबा! काहीतरी सांगा ना! आता गप्प कसे झालात? वाघ सांगा, पूर सांगा, काहीही.

शेषराव : काय सांगू, पोरी? खरं होतं ते सांगून झालं. त्याच्यावर आता काही चढत नाही.

मीराबाई : मोनाली.

मोनाली : जी?

मीराबाई : ही भिंत वाळाले किती दिवस लागतीन?

मोनाली : आठ-दहा दिवस तर पकडा. रोज खिडक्या उघडायच्या, परत डाग येतो का बघायचं. तोपर्यंत तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायचं... मतलब, राहिलात तर.

मीराबाई : मंग खिडक्या कोण उघडीन? तू जाशीन कामावर. राजरत्न गाडीवर. अन् हे? हे भिंतीपुढं खुर्ची टाकून तिलेच गोष्टी सांगत बसतीन. भिंत हसून हसून पुन्हा ओली होईन.

शेषराव : होईन. हसरी भिंत हाय ती.

मीराबाई : जा, त्या भैयाले सांग, आज नाही. अन् त्याले एक पराठा दे, उन्हात आला बिचारा. आठ दिवस पाहाते. डाक्टरकडेही येते. खोकला राह्यला तर मंग मी कोणाचं आयकणार नाही.

मोनाली : पक्का! मी आत्ता सांगून येते!

मीराबाई : तुमी दात काढू नका. फडकं पिशवीत बांधा.

शेषराव : बांधतो. दोन गाठी मारतो.

मीराबाई : मोनाली, आली का? तुहा मोबाइल लावून दे, कलावतीले. ती स्टेशनावर पोराले धाडीन, त्याच्याआधी सांगाव लागीन.

मोनाली : घ्या, लागलाय.

मीराबाई : हालो? कलावती? जयभीम, जयभीम. अवो, नाही येत मी. ...नाही वो, तब्येत बरी हाय. गाडीच नाही गेली! ...कायची लेट? रुळावर उंटांची वरात बसली. ...उंटांची! लग्न होतं उंटाचं. नवरदेवाले फेटा, अन् पायात घुंगरू. तो बसला इंजिनासमोर, अन् म्हणते नवरी आल्याबिगर उठत नाही. ...नवरी कुठी? नवरी रुसली न, बिकानेरात! स्टेशनमास्तरनं तार केली तिले. ...हो, सारे पॅसेंजर उतरले, अक्षता वाटल्या त्याहिले. ...किती दिवस ते काय सांगू, बाई, उंटांचं लग्न, पंधरा दिवस तर मानपानच चालते. ...हो. हो, ठेवते. जयभीम.

शेषराव : पोरी, आयकलं का? मास्तरनं तार केली! चाळीस वर्षं गाड्यांवर काढले म्या, हे नाही सुचलं मले.

मोनाली : आई, तुम्ही पण? अहो, सरळ सांगायचं ना, घरात बुरशी निघाली, साफ करतोय, म्हणून नाही येत.

मीराबाई : बुरशीसाठी कोणी गाडी सोडते का? ती हसली असती.

मोनाली : मग जे खरं आहे ते सांगायचं.

मीराबाई : खरं कसं सांगू तिले? का याहिले सोडून जाववत नाही म्हणून?